नभोवाणीवर भरलेली शाळा : शिकागो, १९३७

कोरोनाच्या साथीत आपल्या शाळांना कुलपे लागली आणि शिक्षक मोबाइलवरून धडे देऊ लागले, तेव्हा पालकसभांतून, वर्तमानपत्रांतून आणि एस. टी. च्या थांब्यावरही एकच उद्गार ऐकू येत असे, की असे पूर्वी कधी घडले नव्हते. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला हे वाक्य कानी पडले की सवयीनेच शंका येते. साथीच्या रोगाने शाळा बंद पडणे ही गोष्ट तर जुनीच आहे. पण शाळेची इमारत बंद असताना एका संपूर्ण शहराच्या शाळाखात्याने मुलांच्या घरात शिक्षण पोहोचविण्याचा प्रयत्न करावा, हा प्रकारही नवा नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी, म्हणजे १९३७ सालच्या सप्टेंबर महिन्यात, अमेरिकेतील शिकागो शहराने तो करून पाहिला. त्या प्रयोगाची हकीकत संस्थेच्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः पालक व विद्यार्थी यांच्यापुढे, मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

शिकागो हे अमेरिकेतील त्या वेळचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर. १९३० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ३४ लाख भरली होती. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या या शहरात कत्तलखाने, पोलादाचे कारखाने, धान्याचा मोठा बाजार आणि आगगाड्यांचे जंक्शन अशी सर्व समृद्धी होती. परंतु ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत तो काळ मोठा हलाखीचा होता. १९२९ साली सुरू झालेल्या जागतिक मंदीने अमेरिकेतील बँका बुडाल्या, कारखाने थंडावले आणि करवसुली थांबल्याने नगरपालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या. शिकागोच्या शाळाखात्याची दशा तर फारच वाईट. १९३१ ते १९३३ या काळात तेथील शिक्षकांना महिनोन्‌महिने पगार मिळाला नाही. कधी पगाराऐवजी नुसती वचनचिठ्ठी हाती पडे आणि ती वाण्याकडे वटवताना तिचे मोल कमी होई. १९३३ च्या एप्रिलमध्ये हजारो शिक्षक-शिक्षिका रस्त्यावर उतरल्या आणि थेट बँकांवर चालून गेल्या. त्याच वर्षी मंडळाने हजाराहून अधिक शिक्षकांना घरी बसविले आणि कनिष्ठ माध्यमिक शाळा बंदच करून टाकल्या. ही पार्श्वभूमी एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की पुढे ज्यांनी मुलांसाठी दिवसरात्र एक केला ते शिक्षक चार वर्षांपूर्वी उपाशी राहिलेले शिक्षक होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी महाभयंकर साथ आली, तिच्यात अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. परंतु न्यूयॉर्क आणि शिकागो या दोन मोठ्या शहरांनी त्या उघड्या ठेवल्या. दाटीवाटीच्या चाळींत मूल दिवसभर कोंडून राहण्यापेक्षा शाळेत डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेखाली राहिलेले बरे, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे शिकागो हे उठल्यासुटल्या शाळेला टाळे ठोकणारे शहर नव्हते. त्याच शहराने १९३७ साली शाळा उघडू नयेत असे ठरविले, यावरूनच त्या रोगाची दहशत किती होती याची कल्पना यावी.

तो रोग म्हणजे पोलिओ. त्या काळी त्याला लहान मुलांचा पक्षाघात म्हणत. काल अंगणात खेळणारे मूल आज तापाने फणफणावे आणि परवा त्याचा पाय लुळा पडावा, असा हा रोग. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर मुलाला लोखंडी नळकांड्यासारख्या यंत्रात झोपवून ठेवीत. हे यंत्र १९२८ साली निघाले आणि लोकांनी त्याला लोखंडी फुप्फुस असे नाव दिले. खुद्द त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ साली याच आजाराने गेले होते. आज आपल्याला ठाऊक आहे, की पोलिओचा विषाणू दूषित अन्नपाण्यावाटे आणि अस्वच्छ हातांवाटे पोटात जातो. लागण झालेल्या बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही आणि साधारणपणे दोनशेत एकाला लुळेपणा येतो. १९३७ साली हे कोणालाही नीट माहीत नव्हते. माशांमुळे होतो म्हणावे तर माशा नसलेल्या घरांतही तो होई, घाणीमुळे म्हणावे तर श्रीमंतांच्या स्वच्छ वाड्यांतही होई. लस नाही आणि औषधही नाही. उन्हाळा आला की मातापित्यांच्या छातीत धडकी भरे आणि थंडी पडली की सुटकेचा निःश्वास टाकला जाई.

१९३७ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत पोलिओचे रोगी वाढू लागले. शहराच्या आरोग्य मंडळाचे प्रमुख डॉ. हर्मन बुंडेसेन हे होते. सप्टेंबरमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू व्हायचे होते. ऑगस्टच्या अखेरीस आदेश निघाला, की शाळा उघडण्याचा दिवस पुढे ढकलण्यात येत आहे. मुलांनी गर्दीत जाऊ नये, घरात राहावे.

येथे थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते, की साथीच्या काळात माणसांनी आपापल्या जागी राहावे हा विचार आपल्याला परका नाही. जेथे ताऊन पसरला आहे तेथे जाऊ नये आणि आपण तेथे असू तर तेथून बाहेर पडू नये, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण प्रसिद्धच आहे. इ. स. ६३९ च्या सुमारास शाम प्रांतात अम्वासची साथ चालू असता हजरत उमर (रजि.) वाटेतूनच मदिनेला परत फिरले, हेही आपण मौलवीसाहेबांकडून ऐकले आहे. तेव्हा शिकागोच्या आदेशात नवल काही नव्हते. पुढे जे झाले ते मात्र नवलाचे.

शाळाखात्याचे मुख्य अधिकारी विल्यम जॉन्सन आणि त्यांच्या सहायक अधिकारी श्रीमती मिनी फॅलन यांच्यापुढे प्रश्न असा होता, की तिसरी ते आठवीची सव्वातीन लाखांच्या घरातील मुले घरी बसली आहेत, ती केव्हा परत येतील ते सांगता येत नाही, मग तोवर काय करायचे? पोस्टाने धडे पाठवावेत तर एवढे धडे छापायला वेळ आणि पैसा कोठून आणायचा? त्या वेळी अमेरिकेतील सुमारे शेकडा ८० घरांत रेडिओ होता. शिकागो तर रेडिओचे माहेरघरच म्हणावे लागेल. तेथे एका मोठ्या वृत्तपत्राचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते, शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकाचे होते, इतकेच काय, कामगार संघटनांच्या महासंघाचेही होते. शिवाय शाळेतील मुलांसाठी नभोवाणीवरून कार्यक्रम करण्याची कल्पना या शहरात १९२४ पासून रुजलेली होती. म्हणजे साधन हाताशी होते आणि ते वापरण्याचा थोडाबहुत सरावही होता. शहरातील सहा-सात खासगी केंद्रांनी आपला वेळ मोबदला न घेता देऊ केला. जाहिरातीवर चालणाऱ्या केंद्रांच्या दृष्टीने वेळ म्हणजे रोकड, हे लक्षात घेतले म्हणजे या देणगीचे मोल कळेल.

सोमवार, १३ सप्टेंबर १९३७ रोजी ही नभोवाणी-शाळा सुरू झाली. तिची रचना मोठी विचार करण्यासारखी आहे. रोजचे वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापून येई: कोणत्या इयत्तेचा कोणता विषय, किती वाजता, कोणत्या केंद्रावर. त्यासोबत धड्याचा सारांश, प्रश्न आणि करावयाचा गृहपाठही दिलेला असे. मुलांनी ते कात्रण कापून रेडिओजवळ ठेवायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी समाजशास्त्र व विज्ञान. मंगळवार, गुरुवार, शनिवार या दिवशी इंग्रजी व गणित. दिवसाची सुरुवात सूचनांनी आणि व्यायामाने होई. मूल घरच्या घरी, खुर्ची बाजूला सारून, रेडिओतील आवाजाच्या तालावर हात वर-खाली करीत असेल, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की आजही गंमत वाटते.

प्रत्येक धडा अवघा पंधरा मिनिटांचा. आम्ही शिक्षक मंडळी पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेला सरावलेली. पंधरा मिनिटांत काय शिकविणार, असे कोणालाही वाटेल. पण मला तरी ही योजना करणाऱ्यांची खरी जाण येथेच दिसते. समोर फळा नाही, चेहरे नाहीत, मागच्या बाकावर कोण पेंगतो आहे ते दिसत नाही. अशा वेळी नुसत्या आवाजावर मुलाचे लक्ष किती वेळ टिकेल? एकट्या शिक्षकाच्या लहरीवर काही सोडले नव्हते. विषयवार समित्या नेमून धड्यांचे लेखन करून घेतले जाई, ते तपासले जाई आणि मग ज्याचा आवाज व उच्चार चांगला तो शिक्षक ध्वनिक्षेपकापुढे बसे. प्रश्न सोपे व सर्वांना पेलतील असे विचारले जात. धडा माहितीपूर्ण तर असावाच, पण मुलाला तो ऐकत राहावासा वाटावा, कारण रेडिओची कळ मुलाच्याच हातात असते! वर्गात कंटाळलेले मूल निदान उठून तरी जाऊ शकत नाही. येथे कळ जराशी फिरविली की दुसऱ्या केंद्रावर गाणे लागलेले असायचे.

आता या योजनेतील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग सांगतो. शाळाखात्याच्या कचेरीत दूरध्वनीची खास व्यवस्था करून तेथे सोळा शिक्षक बसविले होते. ज्या पालकाला काही विचारायचे असेल, ज्या मुलाला धडा समजला नसेल, त्याने फोन करावा. पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले. सोळा माणसे पुरेनात म्हणून आणखी पाच बसवावी लागली. कोणी म्हणे, आमच्या भागात केंद्र नीट लागत नाही, नुसती खरखर ऐकू येते. कोणाचे कात्रण हरवले होते, कोणाला वेळ चुकली म्हणून धडा पुन्हा हवा होता. नभोवाणीचा धडा एकदा हवेत विरला की विरला. तो थांबवता येत नाही की मागे नेता येत नाही.

या हजार फोनांचा अर्थ काय? आमच्या मकतबात लहानपणी आम्ही सबक कसा घेत असू ते आठवून पाहा. उस्ताद आयत म्हणून दाखवीत, आपण ती ऐकून म्हणत असू. पण सबक पुरा केव्हा होई? उस्तादांनी म्हटल्यावर नव्हे. दुसऱ्या दिवशी आपण तो त्यांना ऐकवायचा, त्यांनी मान डोलवायची किंवा जेर-जबरची चूक तेथल्या तेथे दुरुस्त करायची, मग पुढचा सबक. जगातील असंख्य हाफिज केवळ कानाने शिकले, पण त्यांचेही कोणीतरी रोज ऐकून घेत होते. रेडिओला मोठे तोंड असते, कान मात्र नसतात. शिकागोच्या अधिकाऱ्यांनी हे जाणले आणि सोळा जणांच्या रूपाने रेडिओला कान जोडण्याचा प्रयत्न केला. सव्वातीन लाख मुलांच्या मानाने ते कान अपुरेच होते, हे उघड आहे. तरीही केवळ वरून आवाज सोडून, उंटावरून शेळ्या हाकून, ते स्वस्थ बसले नाहीत.

उणिवा पुष्कळ होत्या आणि त्या त्याच वेळी बोलून दाखविल्या गेल्या. शंभरांतील ऐंशी घरांत रेडिओ होता याचा दुसरा अर्थ असा, की वीस घरांत तो नव्हता. ही वीस घरे कोणाची असणार, हे सांगायला नको. ज्या घरातला बाप मंदीत बेकार झालेला, त्याच घरातील मुलाच्या वाट्याला धडा नाही. एका घरात तिसरी, पाचवी आणि सातवी अशी तीन भावंडे असली आणि रेडिओ एकच असला, तर कोणाचा धडा ऐकायचा? ज्या मुलाला वाचायलाच जड जाते त्याला वर्तमानपत्रातील कात्रणाचा काय उपयोग? काही शिक्षक-पालकांचे म्हणणे पडले की धडे फार भरभर जातात. हुशार मूल निभावून नेते, मंद मूल मागे पडते आणि ते मागे पडले आहे हे कोणाला कळतही नाही.

ही शाळा तीन आठवड्यांहून कमी काळ चालली. साथ ओसरू लागली, सप्टेंबर सरता सरता मुले आपल्या वर्गांत परतली आणि घरी केलेला अभ्यास शिक्षकांच्या हाती तपासायला आला. त्यातून मुले किती शिकली याविषयी त्या वेळीही एकमत झाले नाही. मला वाटते, या प्रयोगाचे यश मोजण्यासाठी ती फूटपट्टीच नव्हे. तीन आठवड्यांत मूल किती शिकले यापेक्षा, आपली शाळा आपल्याला विसरलेली नाही हे सव्वातीन लाख घरांना रोज सकाळी कळत होते, याचे महत्त्व मी अधिक मानतो. पण हा झाला माझा विचार. कोणाचे मत वेगळे असू शकेल.

योगायोग असा, की त्याच सप्टेंबर महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापण्याची घोषणा केली. त्याच प्रतिष्ठानाच्या पैशावर पुढे डॉ. जोनास साल्क यांची लस तयार झाली व १९५५ साली ती लोकांना मिळू लागली. शिकागोच्या शिक्षण मंडळानेही नभोवाणीचा नाद सोडला नाही. १९४३ साली मंडळाने स्वतःचे नभोवाणी केंद्र काढले आणि शाळांसाठीचे कार्यक्रम त्यावरून नियमाने होऊ लागले. ते केंद्र १९९० पर्यंत मंडळाच्या मालकीचे होते. न्यूझीलंडमध्ये १९४८ च्या प्रारंभी पोलिओमुळेच शाळा उघडता आल्या नाहीत, तेव्हा तेथील सरकारी पत्रद्वारा शाळेने धडे तयार केले आणि वर्तमानपत्रे व नभोवाणी यांच्या साहाय्याने ते देशभरच्या मुलांपर्यंत नेले. एकाने काढलेली वाट दुसऱ्याच्या उपयोगी पडते ती अशी.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. दहावीच्या परीक्षेतील भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. नववी ते बारावीचे वर्ग त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस काही जिल्ह्यांत सुरू झाले, पुढील जानेवारीत पाचवी ते आठवीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी भरले, तोच दुसरी लाट आली आणि पुन्हा सर्व बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरांत आठवीपासून वर्ग उघडले. प्राथमिक शाळा डिसेंबरात उघडतात न उघडतात तोच जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने परत भरू लागल्या. शिकागोची मुले तीन आठवडे घरी होती. आपली लहान मुले पावणेदोन वर्षे घरी होती. ही तुलना करताना जीव घाबरा होतो.

साधने आपल्याकडे शिकागोपेक्षा कितीतरी पुढची होती. पण एक गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे. दूरचित्रवाणीसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ ही संस्था आपल्या राज्याने पुण्यात १९८४ साली सुरू केली होती. त्या पिढीतील पुष्कळ वाचकांना तिचे कार्यक्रम आठवत असतील. ती शासनाने २०१७ साली बंद केली. तीन वर्षांनी साथ आली, तेव्हा ज्या कामासाठी ती संस्था काढली होती ते काम दारात येऊन उभे राहिले आणि संस्था मात्र नव्हती. शिकागोने साथीनंतर केंद्र काढले आणि आपण साथीपूर्वी मोडले, असे म्हटले तर ते कटू वाटेल, पण तारखा तशाच आहेत. तरीही काही चांगली कामे झाली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या नावाने शासनाने अभ्यासमाला चालविली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी लागू लागली. तिच्यात पाठ्यपुस्तकातील विषय घरातील वस्तू, खेळ आणि कृती यांतून समजावले जात. अनेक घरांत मुलांबरोबर आया आणि आज्याही ती बघत बसत. शिकागोच्या पंधरा मिनिटांच्या धड्याशी तिचे नाते सख्खे आहे.

बाकी सारा भार मोबाइलवर पडला. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार २०२० साली ग्रामीण भारतात शाळकरी मुले असलेल्या सुमारे शेकडा ६२ घरांत स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी, २०१८ साली, तो सुमारे ३६ घरांत होता. म्हणजे पोटाला चिमटा काढून आईबापांनी फोन घेतले. आमच्या समाजातील पालकांनीही घेतले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरी शिकागोतील रेडिओपेक्षा आपल्याकडील फोन कमीच घरांत होता, ८३ वर्षांनंतरही! शिवाय रेडिओ हा घराचा असतो आणि फोन हा माणसाचा. तो माणूस कामावर गेला की फोनही गेला. रिक्षा चालविणारा, मासळी विकणारा, गवंडीकाम करणारा बाप सकाळी फोन घेऊन बाहेर पडला की मुलाची शाळा रात्री नऊला भरणार, आणि तीही थकलेल्या बापाच्या डोळ्यांदेखत.

आम्हा कोकणवासीयांच्या नशिबी तर दुष्काळात तेरावा महिना आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौले-पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली, विजेचे खांब उसासारखे मोडून पडले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंधरा जूनच्या सुमारास इतरत्र शिक्षकांचे गट तयार होऊन दुवे पाठविले जात होते, तेव्हा आमच्याकडे फोन चार्ज करायला माणसे जनरेटर शोधीत फिरत होती. टेकडीवर किंवा एखाद्या विशिष्ट कातळावर उभे राहिले तरच रेंज मिळते म्हणून मुले तेथे छत्री घेऊन बसलेली पुष्कळांनी पाहिली असतील. मिळकतीसाठी कुवेत-कतारला गेलेल्या पुष्कळ वडिलांच्या नोकऱ्या त्याच काळात गेल्या. त्यांनी तिकडून पूर्वी पाठविलेला जुना फोन हाच घरातील एकुलता एक वर्ग होता. त्या फोनवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न निघाला की पुष्कळ घरांत मुलग्याचा ठरे. मुलीने स्वयंपाकघर आवरून झाल्यावर, चार्जिंग उरले असेल तर, बघायचे. हे मी कोणाला दूषण देण्यासाठी लिहीत नाही. पण स्मरणिका घरी नेऊन वाचणाऱ्या प्रत्येक पालकाने आपल्याच घरातील तो काळ आठवून पाहावा.

आमच्यातील पुष्कळ शिक्षकांनी मात्र शिकागोतील त्या सोळा जणांचे काम, त्यांचे नावही न ऐकता, केले. गावोगावी सरपंचाच्या ओटीवर, मशिदीच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात चार-पाच मुलांना अंतर ठेवून बसविले, छापील कागद घरोघर पोहोचविले, आठवड्याने जाऊन तपासून आणले. काही ठिकाणी शिकलेल्या मुलींनी आपल्या मोहल्ल्यातील लहानांना रोज तासभर बसविले. शिक्षण टिकले असेल तर अशा ठिकाणी टिकले, असे माझे मत आहे. जेथे फक्त चित्रफिती पाठविल्या गेल्या आणि त्यांवर निळ्या खुणा उमटल्या की शिकवून झाले असे मानले गेले, तेथे काय उरले ते वर्ग पुन्हा भरल्यावर कळले.

२०२१ साली दहावीची परीक्षा झाली नाही. अंतर्गत गुणांवर निकाल लावण्यात आला आणि तो शेकडा ९९.९५ लागला. त्या वर्षी गावोगाव अभिनंदनाचे फलक लागले. पण प्राथमिक वर्गांतील चित्र त्या फलकांवर नव्हते. ‘असर’ च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी साधारण २० निघाली. २०१८ साली ती २७ होती. आधीच थोडी, त्यांतून आणखी घटली. शिकागोच्या शिक्षकांनी शाळा उघडताच मुलांचा अभ्यास तपासून घेतला होता, कारण तीन आठवड्यांचे हिशेब तपासता येतात. पावणेदोन वर्षांचे हिशेब तपासायला वेळ कोणाला होता? नवे वर्ष, नवे पुस्तक, पहिला धडा. मागील दोन पुस्तके न वाचताच मूल तिसऱ्या पुस्तकापुढे बसले.

पोलिओ मात्र आपल्या देशातून गेला. शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. उत्तर प्रदेशातील काही मुस्लिम वस्त्यांत त्या थेंबांविषयी गैरसमज पसरले होते, तेव्हा अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया यांसारख्या संस्थांची माणसे आणि इमामसाहेब घरोघर हिंडले, हेही येथे नमूद केले पाहिजे. तेथेही शेवटी ओळखीचा माणूस दारात जाऊन उभा राहिला तेव्हाच काम झाले.

जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत दाखल झाले, त्याने पहिलीचा वर्ग जवळजवळ पाहिलाच नाही आणि दुसरीचा पाहिला तो शेवटचे काही महिने. अक्षरओळख ज्या वयात व्हायची ते वय त्याने ओट्यावर, कातळावर किंवा कोणाच्या तरी फोनची वाट पाहत काढले. त्यातील कोणाला मागच्या पुस्तकाचे राहिलेले धडे कोणी बसवून शिकविले असतील, कोणाला नसतीलही. ही मुले मार्च २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील.